गेमिंग लॅपटॉप : हट्ट मुलांचा, हिशेब आपला

बारावीचा निकाल लागून कॉलेजचा प्रवेश नक्की झाला, की हल्ली घराघरांतून एक मागणी हमखास पुढे येते. मागच्या पिढीतली मुलं सायकलीसाठी अडून बसत, नंतरची मोटारसायकलसाठी. आता हट्ट असतो लॅपटॉपचा. आणि तोही साधासुधा नाही, ‘गेमिंग’ लॅपटॉपचा! किंमत विचारावी तर पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंतचे आकडे कानांवर येतात. बाबा म्हणतात, “खेळायला एवढे पैसे?” मुलगा म्हणतो, “अभ्यासालाही लागतोच की!” आणि आपण मध्ये काही विचारायला जावं, तर दोघंही एका सुरात सांगतात, “तुला त्यातलं काय कळतंय!”

भगिनींनो, गंमत अशी, की हे पैसे पुष्कळदा आपणच जमवलेले असतात. भिशीचे, शिवणकामाचे, वाणसामानातून वाचवलेले, सणाला साडी न घेता बाजूला टाकलेले. तेव्हा ते कुठे जातात हे विचारण्याचा हक्क आपला आहेच. आणि ‘त्यातलं’ जे कळायला हवं, ते आपल्याला बरंचसं आधीच कळतं. मिक्सर घेताना, फ्रिज घेताना, शिलाई मशीन घेताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारायचे असतात. कशासाठी हवंय? वॅट किती? पुढे वाढवता येईल का? दुरुस्तीला कुठे न्यायचं? पक्कं बिल देणार ना? या पाच प्रश्नांनी लॅपटॉपच्या दुकानातही चांगलं काम भागतं.

गोदाम दारात, पण भाव तोच

भिवंडीजवळचं वळ गाव घ्या. मानकोली नाक्याकडून अंजूरफाट्याकडे येताना दापोडे, वळ या भागात गोदामंच गोदामं दिसतात. एके काळी ही भातशेतीची गावं. मुंबई जवळ, नाशिककडे जाणारा महामार्ग हाताशी, आणि जागा मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर. त्यामुळे माल इथे उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा, अशी व्यापाऱ्यांची रीत पडली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण गोदामं काही गेली नाहीत. अमेझॉन, फ्लिपकार्ट यांच्यासारख्या ऑनलाइन विक्रेत्यांचीही भिवंडी परिसरात गोदामं आहेत. मुंबई-ठाण्याच्या घरांत पोचणारी कितीतरी खोकी आधी भिवंडीच्या रस्त्यांवरून गेलेली असतात.

म्हणून वळच्या गृहिणीला लॅपटॉप स्वस्त पडतो का? मुळीच नाही. खोकं दारावरून गेलं तरी भाव तोच, आणि लॅपटॉपवरचा १८ टक्के जीएसटीही तोच. साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये नऊ हजारांच्या वर रक्कम कराचीच असते! “गोदामातून निघालेला माल आहे, बिल नाही, पण निम्म्या किमतीत देतो,” असं कुणी सांगत आलं, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. बिल नाही म्हणजे तक्रारीला पुरावा नाही, वॉरंटीचा भरवसा नाही. आणि माल चोरीचा निघाला तर पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा मागे लागतो तो वेगळाच.

पण गोदामाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे तिथली शिस्त. माल उतरवून घेणारा माणूस आधी चलन हातात घेतो, खोकी मोजतो, फाटलेलं-भिजलेलं खोकं बाजूला काढतो, चलनावर तसा शेरा लिहितो, आणि मगच सही करतो. आपल्यापैकी अनेकींच्या घरातलं कुणी ना कुणी गोदामात, ट्रान्सपोर्टमध्ये कामाला असतं. त्यांना विचारा, सही आधी आणि मोजणी मागाहून असं कधी करतात का? लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तसंच करतो. आधी पसंती, मग पैसे, आणि आत काय आहे हे कळतं सगळ्यांत शेवटी.

पहिला प्रश्न : कोणता खेळ?

दुकानात जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि कागदावर तीन खेळांची नावं लिहून घ्या. जे खरोखर खेळायचे आहेत तेच. मित्राच्या घरी पाहिलेले नव्हेत. त्याखाली अभ्यासाची कामंही लिहायला सांगा. अर्धी निवड त्या कागदावरच होते.

याचं कारण असं, की सगळे खेळ सारखे जड नसतात. ‘व्हॅलोरंट’ हा २०२० साली आलेला, मुलांमध्ये फार चालणारा खेळ घ्या. तो खेळायला फुकट आहे, आणि त्याची किमान गरज अगदी थोडी आहे : ४ जीबी रॅम आणि प्रोसेसरच्या आतलंच साधं ग्राफिक्स. अशा खेळासाठी वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा महागडा लॅपटॉप घेणं म्हणजे दोन माणसांच्या भाताला लग्नातलं पातेलं चढवणं. चांगल्या प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉपही त्याला पुरतो, आणि कॉलेजला न्यायला हलकाही पडतो.

उलट ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ. तोही २०२० चाच. पण त्याला किमान १२ जीबी रॅम, ७० जीबी जागा आणि ६ जीबी मेमरीचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं, असं त्याचे निर्माते सांगतात. हे किमान झालं. नीट खेळायचं तर त्याहून अधिक. प्रत्येक खेळाची अशी ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ गरज त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केलेली असते. मुलाला ती शोधून कागदावर उतरवायला सांगा. जो मुलगा हे दहा मिनिटांचं काम करायला कंटाळतो, त्याला लॅपटॉप हवा आहे की नुसती मित्रांत मिरवायची हौस आहे, हेही आपोआप कळतं!

आणि एक. मुलीने असा लॅपटॉप मागितला की “तुला कशाला गेमिंगचा?” असं पटकन तोंडातून निघतं. मुलीही खेळतात, त्यांनी का खेळू नये? शिवाय ज्या ग्राफिक्स कार्डावर खेळ चालतात, त्याच कार्डाचा उपयोग आर्किटेक्चरच्या त्रिमितीय आराखड्यांना, अॅनिमेशनला, व्हिडिओ जुळवण्याला होतो. ज्या मुलीला हे शिकायचं आहे, तिच्यासाठी तो खेळ नाही, हत्यार आहे. तिथे काटकसर करताना दहादा विचार करावा.

नाव नको, वॅट सांगा

आता दुकानात जाऊ. विक्रेता पहिल्यांदा बोट ठेवतो ते लॅपटॉपवर चिकटवलेल्या रंगीत लेबलांवर. “बाई, आय-सेव्हन आहे!” म्हणजे प्रोसेसर मोठा. पण खेळासाठी जास्त मोलाचं असतं ते ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रं तेच रंगवतं. पैसे मोजकेच असतील, तर प्रोसेसर मधल्या दर्जाचा आणि कार्ड चांगलं अशी वाटणी करावी. मोठा प्रोसेसर आणि कमकुवत कार्ड ही जोडी खेळाच्या कामाची नाही.

हल्ली कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा एनव्हिडिया कंपनीची कार्डं असतात. त्यांच्या नावांतले आकडे असे वाचायचे : आरटीएक्स ३०५० हे लॅपटॉपमध्ये २०२१ साली आलं, ४०५० हे २०२३ साली, आणि ५०५० हे २०२५ साली. पहिले दोन अंक पिढीचे, शेवटचे दोन पायरीचे. ५० ही खालची पायरी, ६० तिच्या वरची. कार्डाला स्वतःची मेमरी असते. ३०५० मध्ये ४ जीबी आणि ६ जीबी असे दोन्ही प्रकार मिळतात, ४०५० मध्ये ६ जीबी, तर ५०५० मध्ये ८ जीबी. नव्या जड खेळांना ४ जीबी अपुरी पडते. तेव्हा चार वर्षं वापरायचा विचार असेल, तर ४ जीबीच्या मोहात पडू नये.

पण एवढ्यावर भागत नाही. मिक्सर घेताना आपण नुसतं कंपनीचं नाव पाहून घेतो का? पाचशे वॅटचा की साडेसातशेचा, हे विचारतोच. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच आहे. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवलेलं असतं. ३०५० हे कार्ड ३५ वॅटवर चालणारं असू शकतं, तसंच ८० वॅटवर चालणारंही. ४०५० चं अंतर तर ३५ पासून ११५ वॅटपर्यंत आहे. लॅपटॉप पातळ आणि दिसायला नाजूक करायचा, तर आत उष्णता कमी व्हायला हवी. म्हणून काही लॅपटॉपमध्ये वॅट कमी ठेवतात. नाव तेच राहतं, काम मात्र उतरतं. या आकड्याला ‘टीजीपी’ म्हणतात. विक्रेत्याला सरळ विचारा, “याचा टीजीपी किती वॅट?” त्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा. हा एक प्रश्न विचारलात, की “ताईंना कळतंय हं” असं त्याच्या ध्यानात येतं आणि पुढचं बोलणं जरा जपून होतं.

रॅम, साठवण आणि पडदा

रॅम म्हणजे ओट्यावरची मोकळी जागा, आणि साठवण म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. तसं ८ जीबी रॅमवर आजचे जड खेळ अडखळतात. १६ जीबी हवी. ती एकाच पट्टीत असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्यांत असली तर खेळ सहसा अधिक सुरळीत चालतात.

पूर्वी जाणकार सांगत, “आता ८ घ्या, उरलेली मागाहून बसवा, स्वस्त पडेल.” हा सल्ला आता डोळे झाकून मानू नये. २०२५ च्या अखेरीला मेमरी चिप्सचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या संगणक केंद्रांची मागणी हे त्याचं मुख्य कारण. म्हणून त्याच दिवशी, त्याच दुकानात दोन भाव विचारा : १६ जीबीच्या लॅपटॉपचा, आणि ८ जीबीचा लॅपटॉप अधिक सुटी पट्टी याचा. दोन्ही बेरजा मांडा, मग ठरवा. मात्र आत दुसऱ्या पट्टीसाठी जागा आहे ना, हे आधी पाहा. काही लॅपटॉपमध्ये रॅम पाटीलाच जोडलेली असते. तिथे पुढे काहीच वाढवता येत नाही.

साठवण ५१२ जीबीची, एसएसडी प्रकारची असावी. विंडोज आणि अभ्यासाचं सामान ठेवून त्यात तीन-चार मोठे खेळ बसतात. दुसरी एसएसडी बसवायला मोकळी जागा असेल तर उत्तम. फडताळाला नंतर एक कप्पा वाढवता येतो.

पडद्याबाबत ‘हर्ट्झ’ हा शब्द कानांवर येईल. एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतं, ते हा आकडा सांगतो. साधे पडदे ६० चे असतात, गेमिंगचे बहुधा १२० किंवा १४४ चे. तेवढं पुष्कळ झालं. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण स्वस्तातलं कार्ड जड खेळांत तेवढी चित्रं काढूच शकत नाही. त्यापेक्षा उजेड आणि रंग पाहा. उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात, २५० निट्सचा पडदा दिवसा खिडकीपाशी फिका दिसतो, ३०० च्या पुढचा बरा. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल, तर रंग निस्तेज समजावेत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर चांगले. ज्या मुलांना चित्रांचं, डिझाइनचं काम करायचं आहे, त्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

उष्णता, धूळ आणि कापसाची तुसं

गेमिंग लॅपटॉप तापतो, हे गृहीतच धरा. आत पंखे असतात. ते खालून-बाजूंनी थंड हवा ओढतात आणि गरम हवा बाहेर टाकतात. भिवंडी भागात त्या हवेबरोबर काय काय आत जातं ते आपण जाणतोच! गावातल्या रस्त्यांवर ट्रक-कंटेनरची धूळ, आणि शहरात यंत्रमागांच्या कापसाची बारीक तुसं. पंख्याच्या जाळीत ती बसली, की लॅपटॉप आणखी तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग मुलगा म्हणतो, “आई, हा स्लो झाला, नवीन घेऊ या.” अशा वेळी नवीन कशाला? आधी जाळी आणि पंखे साफ करून घ्या. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून आतली सफाई करून घ्यावी. पण वॉरंटीच्या काळात खोलायचा असेल, तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावं.

घरात पाळायच्या गोष्टी सोप्या आहेत. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, मांडीवरच्या उशीवर ठेवून खेळू द्यायचा नाही. खालच्या जाळ्या बंद होतात. टेबलावर ठेवावा, मागची बाजू बोटभर उंच करावी. ओल्या फडक्याने पुसू नये. चार्जर तीन पिनांचा असेल, तर घरातलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावं. पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत असेल, तर लाटेपासून संरक्षण देणारा चांगला बोर्ड वापरावा.

विजेच्या बिलाची भीती मात्र फार बाळगू नका. जोरात खेळताना १५० वॅट धरले आणि रोज दोन तास खेळ चालला, तर महिन्याला ९ युनिट होतात. पण खेळ चार्जर लावूनच नीट चालतो. नुसत्या बॅटरीवर वेग उतरतो आणि बॅटरीही तास-दोन तासांत संपते. तेव्हा “लोकलमध्ये खेळत जाईन” हे स्वप्न आधीच पुसून टाका. वजनही ध्यानात घ्या. साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा असतो, शिवाय चार्जर विटेएवढा. वळहून बसने ठाण्याला किंवा कल्याणला आणि पुढे गर्दीच्या गाडीने कॉलेजला जाणाऱ्या मुलाने आधी तीन किलोचं ओझं पाठीवर घेऊन आठवडाभर जाऊन पाहावं!

हे ओझं रोज न्यायचं नसेल, तर आणखी एक पर्याय मनात आणा : टेबलावरचा संगणक. तेवढ्याच पैशांत त्यात बहुधा अधिक जोराचं कार्ड बसतं, तो कमी तापतो, आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. मुंबईत ग्रँट रोडजवळची लॅमिंग्टन रोडची बाजारपेठ सुट्या भागांसाठी जुनी आणि प्रसिद्ध आहे. चार दुकानं फिरून भाव काढता येतात. पण मूल वसतिगृहात राहणार असेल किंवा वर्गात संगणक न्यावा लागणार असेल, तर लॅपटॉपच बरा.

साठ हजारांचा हिशेब

समजा, घराने ठरवलं, साठ हजार. त्यावर एक रुपया नाही. मग आधी पाच हजार बाजूला काढा. माऊस, सॅक, सुरक्षेचा बोर्ड, पुढे लागली तर रॅमची पट्टी, या गोष्टी त्यातून होतील. लॅपटॉप पंचावन्नमध्ये बसवायचा. दुकानात गेल्यावर आकडा हळूहळू वर सरकतो, “फक्त चार हजार अधिक घाला, वरचं मॉडेल मिळेल”. तो मोह आवरायला हे पाच हजार वेगळे ठेवलेले बरे.

पैसे कुठे वाचवावेत? कळपाटीवरच्या इंद्रधनुषी दिव्यांवर, मोठ्या नावाच्या प्रोसेसरवर, पडद्याच्या अवाजवी हर्ट्झवर, ‘फुकट’ मिळणाऱ्या बॅगेवर. कुठे वाचवू नयेत? कार्डाचे वॅट, कार्डाची मेमरी, रॅम आणि वॉरंटी यांवर. खोक्यावर छापलेल्या एमआरपीवर किती टक्के सूट, हा आकडा तर विसरूनच जा. चार ठिकाणी तोच माल कितीला मिळतो, ती खरी किंमत. एक वर्षापूर्वीचं मॉडेल सणासुदीच्या सवलतीत पुष्कळदा चांगलं पडतं. फक्त पूर्ण मॉडेल क्रमांक ताडून पाहायचा, कारण नाव एकच असून शेवटची दोन अक्षरं बदलली की आतला माल बदलतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही नीट समजून घ्या. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच हरकत घेतली. आता होतं असं, की बँक व्याज लावतेच, आणि विक्रेता तेवढी रक्कम आधी सूट म्हणून कमी करतो. साठ हजारांची वस्तू, पाच-पाच हजारांचे बारा हप्ते आणि वर्षाला १५ टक्के व्याज धरलं, तर त्यात व्याजाची रक्कम सुमारे ४,६०० रुपये होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८०० रुपयांच्या वर, तो आपल्याच माथी. शिवाय बँकेचं प्रक्रिया शुल्क असेल ते निराळं. तेव्हा “रोख दिले तर किती कमी कराल?” हे विचारल्याशिवाय हप्त्यांच्या कागदावर सही नको.

जुना, वापरलेला लॅपटॉप घेणार असाल तर मूळ बिल, उरलेली वॉरंटी आणि बॅटरीची अवस्था पाहावी. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. मुलाला तो समोरच काढायला सांगा. अर्धा तास जड खेळ चालवून पंख्याचा आवाज आणि उष्णता बघावी. ‘ओपन बॉक्स’ या शब्दाचे मात्र दोन अर्थ आहेत, घोटाळा नको. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ म्हणजे नवा माल दारात उघडून दाखवणं. ती चांगली सोय आहे. नुसतं ‘ओपन बॉक्स’ म्हणजे कुणीतरी उघडलेला, परत आलेला माल. त्याची वॉरंटी कधीपासून मोजतात ते विचारून घ्यावं.

खोकं घरी आलं, की

इथे गोदामाची शिस्त कामाला लावा. खोक्याची चिकटपट्टी मूळची आहे ना, कोपरा दबलेला किंवा ओला नाही ना, हे आधी पाहा. तसं असेल तर माल घेऊच नका, किंवा शेरा लिहूनच घ्या. खोकं उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, मोबाइलवर चित्रण करा. मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक तीन ठिकाणी जुळले पाहिजेत : खोक्यावर, लॅपटॉपच्या पोटावर आणि बिलावर. मग लॅपटॉप सुरू करून रॅम, साठवण आणि कार्डाचं नाव आत तेच दिसतं ना, ते पाहा. पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून ठिपका-डाग शोधा. परत करण्याची मुदत किती दिवसांची, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि त्या मुदतीतच दोन-तीन दिवस सलग जड खेळ खेळू द्या. एरवी आपण “पुरे आता” म्हणतो. पण या तीन दिवसांत मनसोक्त खेळणं हीच तपासणी!

काही बिनसलं आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा, वळच्या ग्राहकाला ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. म्हणून बिल, चित्रण आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा.

खेळाचे नियम घरातही

शेवटी मुद्दा येतो विश्वासाचा. लॅपटॉप दिला आणि मग रोज “किती वेळ खेळतोस!” म्हणून भांडण, यात ना मुलाला आनंद ना आपल्याला समाधान. पैसे देण्याआधीच बोलणं व्हावं. कधी खेळायचं, परीक्षेच्या दिवसांत किती, रात्री दिवे कधी मालवायचे. लहान मुलांसाठी विंडोजमध्ये वेळेची मर्यादा घालायची सोय आहे. कॉलेजातल्या मुलांना कुलपापेक्षा शब्द जास्त बांधतो. लॅपटॉप शक्यतो बैठकीच्या खोलीत ठेवावा, आणि कधीतरी आपणही शेजारी बसून “हे काय चाललंय, दाखव” म्हणावं. मुलं हौसेने दाखवतात. हा काय खेळतो, कुणाशी बोलतो हे त्यातून सहज कळतं.

पैशांबाबत मात्र काटेकोर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना वेगळं धरलं. मुलाला हा फरक समजावून सांगा. फुकट खेळांतही पात्रांचे कपडे, हत्यारांचे रंग विकत घ्यायची सोय असते, आणि शंभर-दोनशे करता करता रक्कम वाढते. खेळाच्या खात्यात आपलं कार्ड साठवून ठेवू नये, यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. असा खर्च करायचाच असेल, तर तो त्यांच्या हातखर्चातून.

दुकानात जाताना पुढचा मजकूर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा. विक्रेता घाई करू लागला, की शांतपणे ती चिठ्ठी काढायची आणि एकेक ओळ विचारायची :

तीन खेळांची नावं आणि त्यांची शिफारस केलेली गरज.
ग्राफिक्स कार्डाचं नाव, त्याची मेमरी आणि टीजीपी किती वॅट.
रॅम १६ जीबी आहे का. पट्ट्या किती, मोकळी जागा किती.
एसएसडी ५१२ जीबी. दुसरीसाठी जागा आहे का.
पडद्याचे हर्ट्झ, निट्स आणि रंगांचा टक्का.
विंडोज आत आहे का, की वेगळं घ्यावं लागेल.
चार्जरसह एकूण वजन.
वॉरंटी किती वर्षांची. माणूस घरी येतो की आपण न्यायचं. जवळचं सेवा केंद्र ठाण्यात की कल्याणला.
रोखीचा भाव, हप्त्यांचा एकूण भाव, परतीची मुदत.
सिरियल क्रमांक घातलेलं जीएसटीचं पक्कं बिल.

या दहा ओळींची उत्तरं ज्या दुकानात नीट मिळतील, तिथेच पर्स उघडा. न मिळाली तर “बघून सांगते” म्हणून सरळ बाहेर पडा. साडीच्या दुकानातून आपण निर्धास्तपणे उठून येतोच. इथूनही तसंच यावं.